पेशींचे अभ्यासक, गरिबांचे डॉक्टर

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेल. भिंतीत विटा रचाव्यात तशा एकाशेजारी एक रचलेल्या लहान लहान खोल्या त्यात दिसतात. या खोल्या म्हणजे पेशी. झाडे, प्राणी, पक्षी आणि आपण माणसे, सर्वांची शरीरे पेशींची बनलेली आहेत. आज ही गोष्ट शाळेतले प्रत्येक मूल सांगते. पण माणूस आजारी पडतो म्हणजे त्याच्या शरीरात नेमके काय होते? आजार कोठे राहतो? या प्रश्नांचे उत्तर पेशींमध्ये शोधावे, असे साऱ्या जगातील डॉक्टरांना शिकवणाऱ्या एका थोर शास्त्रज्ञाची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव रुडॉल्फ फिरखो.

रुडॉल्फचा जन्म 13 ऑक्टोबर 1821 रोजी शिफेलबाइन नावाच्या एका लहानशा गावी झाला. तेव्हा हे गाव प्रशिया या राज्यात होते. आज ते पोलंड देशात आहे. त्याचे वडील थोडीफार शेती करीत आणि गावाच्या खजिन्याचा हिशोब पाहत. घरची परिस्थिती बेताची होती. रुडॉल्फ हा आईवडिलांचा एकुलता एक मुलगा. तो अभ्यासात फार हुशार होता. निरनिराळ्या भाषा शिकण्याची त्याला विशेष आवड होती.

मुलाला पुढे शिकवावे, असे वडिलांना वाटे. पण पैसा कोठून आणणार? त्या वेळी बर्लिन शहरात सैन्यासाठी डॉक्टर तयार करणारी एक संस्था होती. गरीब घरच्या हुशार मुलांना तेथे फुकट शिक्षण मिळे. त्याबदल्यात त्यांनी पुढे काही वर्षे सैन्यात नोकरी करावी, अशी अट असे. 1839 मध्ये रुडॉल्फला या संस्थेत प्रवेश मिळाला. योहानेस म्युलर यांच्यासारखे नामवंत शिक्षक त्याला लाभले. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि मग बोला, ही शिकवण त्याने त्यांच्याकडून घेतली. 1843 मध्ये रुडॉल्फ डॉक्टर झाला आणि बर्लिनच्या शारिटे या मोठ्या रुग्णालयात काम करू लागला.

त्या काळी आजारांविषयी लोकांच्या काय कल्पना होत्या, हे आधी समजून घ्या. युनानी हकिमांच्या औषधपद्धतीविषयी तुम्ही ऐकले असेलच. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव शरीरात असतात, त्यांचा तोल बिघडला की माणूस आजारी पडतो, असे प्राचीन ग्रीक वैद्य मानत. इब्न सीना या महान हकिमाने हे ज्ञान आपल्या ग्रंथात नीट मांडले आणि त्यात मोलाची भर घातली. त्यांचा ग्रंथ युरोपातही शेकडो वर्षे शिकवला जात होता. त्या काळात सूक्ष्मदर्शक नव्हता. डोळ्यांना जेवढे दिसते, तेवढ्यावरूनच विचार करावा लागे. फिरखो तरुण झाले तोपर्यंत सूक्ष्मदर्शक पुष्कळ सुधारला होता. तरीही आजाराचे मूळ रक्तातील बिघाडात आहे, असेच युरोपातील बहुतेक डॉक्टर मानत होते.

फिरखो यांचे काम शवविच्छेदनाचे होते. रुग्णालयात मरण पावलेल्या माणसांची शरीरे उघडून आजाराने आत काय बदल झाले, हे ते तपासत. अनेकांना हे काम किळसवाणे वाटेल. पण मेलेल्या माणसाकडून शिकलेले ज्ञान जिवंत माणसाला वाचवते, हे फिरखो यांना ठाऊक होते.

1845 मध्ये त्यांच्यासमोर एक विचित्र प्रकार आला. स्वयंपाकाचे काम करणारी एक प्रौढ बाई आजारी पडून मरण पावली होती. तिच्या रक्तवाहिन्यांत फिरखो यांना पिवळसर पांढरा पदार्थ दिसला. इतर डॉक्टरांनी त्याला पू म्हटले असते आणि ते पुढच्या कामाला लागले असते. फिरखो यांनी मात्र ते रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. माणसाच्या रक्तात तांबड्या पेशी फार जास्त असतात आणि पांढऱ्या अगदी थोड्या. येथे मात्र सगळे उलटे झाले होते. पांढऱ्या पेशींची गर्दी झाली होती आणि तांबड्या पेशी कमी दिसत होत्या. हा पू नाही, हा रक्ताचाच एक वेगळा आजार आहे, असे त्यांनी लिहिले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये जॉन ह्यूज बेनेट या डॉक्टरांनीही असाच एक रोगी पाहिला होता. फिरखो यांनी पुढे या आजाराला ल्युकेमिया असे नाव दिले. ग्रीक भाषेत याचा अर्थ पांढरे रक्त असा होतो. आज आपण ज्याला रक्ताचा कर्करोग म्हणतो, तो हाच. तेव्हा फिरखो अवघे 24 वर्षांचे होते!

यानंतर त्यांनी आणखी एक कोडे सोडवले. काही रोगी बरे होत आहेत असे वाटत असतानाच अचानक मरण पावत. त्यांच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी सापडे. ही गुठळी तेथेच तयार होते, असे सर्व जण समजत. फिरखो यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांना पायाच्या शिरेतही तशीच गुठळी दिसली. पायातल्या गुठळीचा तुकडा तुटतो, रक्ताबरोबर वाहत हृदयात येतो आणि तेथून फुफ्फुसात जाऊन अडकतो, असा तर्क त्यांनी केला. नुसत्या तर्कावर ते थांबले नाहीत. कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी तो खरा करून दाखवला. आज मोठ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर रोग्याला लवकर चालायला लावतात, पाय हलवायला सांगतात. त्यामागे हेच ज्ञान आहे.

फिरखो यांचे नवे विचार छापायला जुनी मासिके तयार नसत. तेव्हा 1847 मध्ये बेन्नो राइनहार्ट या मित्राच्या मदतीने त्यांनी स्वतःचेच नियतकालिक काढले. ते आजही फिरखो यांच्या नावाने निघते.

आता 1848 या वर्षाकडे वळू. या वर्षाने फिरखो यांचे आयुष्य बदलून टाकले.

प्रशियाच्या वरचे सायलेशिया या भागात टायफस नावाच्या तापाची भयंकर साथ पसरली होती. हजारो माणसे मरत होती. वर्तमानपत्रांतून ओरड झाली, तेव्हा सरकारने पाहणीसाठी डॉक्टर पाठवले. त्यांत फिरखो होते. फेब्रुवारीचा महिना, कडाक्याची थंडी. फिरखो गावोगाव हिंडले, घराघरात गेले. त्यांनी काय पाहिले? एकाच अंधाऱ्या खोलीत सारे कुटुंब राहत होते. काही घरांत गुरेही माणसांबरोबरच बांधलेली होती. पिके बुडाली होती. बटाट्यावर जगणाऱ्या लोकांना बटाटेही मिळत नव्हते. घरात अन्न नाही, अंगावर पुरेसे कपडे नाहीत, आंघोळीला सोय नाही. भुकेने खंगलेली माणसे तापाला बळी पडत होती. आईबाप मेलेली मुले अनाथ झाली होती.

आणखी एक गोष्ट फिरखो यांच्या ध्यानात आली. येथील लोक पोलिश भाषा बोलत. त्यांच्यावर राज्य करणारे अधिकारी जर्मन बोलत. सरकारची भाषा लोकांना कळत नव्हती आणि लोकांचे दुःख सरकारला कळत नव्हते. शाळा फार थोड्या होत्या. ज्या होत्या, त्यांतून मुलांच्या पदरात काही पडत नव्हते.

जवळजवळ तीन आठवडे पाहणी करून फिरखो बर्लिनला परतले आणि त्यांनी अहवाल लिहिला. सरकारला वाटले होते की हा तरुण डॉक्टर काही औषधे सुचवील. फिरखो यांनी सुचवलेली औषधे निराळीच होती! लोकांना पोटभर अन्न मिळू द्या. त्यांना योग्य मजुरी द्या. गरिबांवरील कराचा बोजा कमी करा. रस्ते बांधा. शेती सुधारा. मुलामुलींना शिकवा. लोकांची भाषा राज्यकारभारात माना. राज्य चालवण्यात त्यांनाही हक्क द्या. या साथीला नुसता ताप कारण नाही, गरिबी, अज्ञान आणि सरकारचा निष्काळजीपणा ही तिची खरी कारणे आहेत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. जमीनदारांनाही त्यांनी सोडले नाही.

टायफस उवांमुळे पसरतो, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. तो शोध 1909 मध्ये शार्ल निकोल यांनी लावला. पण गर्दी, घाण आणि उपासमार जेथे असते तेथेच ही साथ थैमान घालते, हे फिरखो यांनी अचूक ओळखले होते.

विचार करा मित्रांनो, फिरखो सरकारी नोकर होते. वय 26 वर्षांचे. गोडगोड अहवाल लिहिला असता तर बढती मिळाली असती. पण डोळ्यांनी जे पाहिले ते लपवणे त्यांना जमणारे नव्हते.

ते परतले आणि थोड्याच दिवसांत, मार्च 1848 मध्ये, बर्लिनमध्ये लोकांनी राजाविरुद्ध उठाव केला. फिरखो त्यात सामील झाले. वैद्यकात सुधारणा व्हावी म्हणून त्यांनी एक साप्ताहिकही सुरू केले. गरिबांवर मोफत इलाज झाला पाहिजे, प्रत्येक माणसाचे आरोग्य सांभाळणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे विचार ते त्यातून मांडू लागले. आज हे विचार आपल्याला साधे वाटतात. त्या काळी ते सरकारला धोकादायक वाटले. उठाव शमल्यावर सरकारने 1849 मध्ये फिरखो यांना जागेवरून दूर केले. पुढे नोकरी परत मिळाली, पण सवलती काढून घेण्यात आल्या. साप्ताहिकही बंद पडले. शेवटी त्यांनी बर्लिन सोडले.

सुदैवाने बव्हेरिया राज्यातील व्युर्त्सबुर्ग या गावच्या विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. तेथे ते सात वर्षे राहिले. 1850 मध्ये रोझे मायर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्यांना सहा मुले झाली. राजकारणापासून दूर राहिल्यामुळे फिरखो यांना अभ्यासाला भरपूर वेळ मिळाला. याच काळात त्यांच्या सर्वांत मोठ्या विचाराने आकार घेतला.

तो विचार कोणता? 1838 आणि 1839 या वर्षांत श्लायडेन आणि श्वान या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती व प्राणी पेशींचे बनलेले असतात, असे सांगितले होते. पण नवी पेशी येते कोठून? साखरेच्या पाकात खडे जमावेत, तशा एखाद्या द्रवातून पेशी आपोआप तयार होतात, असे श्वान यांना वाटे. फिरखो यांनाही आधी तसेच वाटत होते. हळूहळू त्यांचे मत बदलले. 1855 मध्ये त्यांनी जाहीर केले की प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते. जसे झाड बीपासून आणि वासरू गाईपासून, तशी पेशी पेशीपासून.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे मत सर्वांत आधी फिरखो यांनी मांडलेले नव्हते. बर्लिनमध्येच रोबेर्ट रेमाक नावाचे एक शास्त्रज्ञ होते. कोंबडीच्या अंड्यातील आणि बेडकाच्या अंड्यातील वाढ पाहून पेशीचे दोन भाग होतात व त्यांतून नव्या पेशी होतात, हे त्यांनी फिरखो यांच्या आधीच दाखवून दिले होते. रेमाक ज्यू होते, म्हणून त्यांना विद्यापीठात योग्य ती जागाही मिळाली नाही. फिरखो यांनी रेमाक यांच्या कामाचे श्रेय त्यांना नीटपणे दिले नाही. थोर माणसाच्या हातून झालेला हा अन्यायच म्हणावा लागेल. म्हणून फिरखो यांचे नाव घेताना रेमाक यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

मग फिरखो यांचे स्वतःचे मोठेपण कशात आहे? पेशींचे हे ज्ञान त्यांनी आजारांना लावले. शरीर हे जणू एक राज्य आहे आणि पेशी त्याचे नागरिक आहेत, असे ते समजावून सांगत. प्रत्येक नागरिक आपापले काम करतो, तेव्हा राज्य सुखाने चालते. काही नागरिकांचे बिनसले की राज्यात गडबड होते. त्याचप्रमाणे काही पेशींचे काम बिघडले की माणूस आजारी पडतो. आजार बाहेरून येऊन अंगात बसणारे भूत नाही, किंवा सगळ्या शरीरात भरलेला दूषित द्रवही नाही. निरोगी पेशीच बदलतात आणि रोगी होतात. कर्करोगाच्या गाठीतील पेशीसुद्धा शरीराच्याच पेशींपासून होतात. म्हणून आजार ओळखायचा असेल, तर बिघडलेली पेशी शोधा.

1856 मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले. ज्या सरकारने त्यांना काढले होते, त्याच सरकारने त्यांच्यासाठी नवी संस्था उभारली. 1858 मध्ये फिरखो यांनी तेथे डॉक्टरांसमोर वीस व्याख्याने दिली. त्यांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. दोन वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. वैद्यकाचा विचार या पुस्तकाने पार बदलून टाकला. आज डॉक्टर गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवतात. प्रयोगशाळेत त्यातील पेशी पाहून आजाराचे नाव ठरते. या तपासणीचा पाया फिरखो यांनी घातला.

त्यांच्या वर्गात देशोदेशीचे विद्यार्थी येत. फिरखो बुटके आणि सडपातळ होते. डोळ्यांवर चष्मा असे. पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांच्या वर्गातील बाकांवर एक छोटी रेल्वे होती. तिच्यावरून सूक्ष्मदर्शक एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे सरकत जाई आणि प्रत्येकाला स्वतः पाहायला मिळे. गुरुजी सांगतात म्हणून मानू नका, पाहा, असाच त्यांचा आग्रह होता.

एवढे नाव झाल्यावर कोणी आरामात बसले असते. फिरखो मात्र सायलेशियातील ती घरे विसरले नव्हते. 1859 मध्ये ते बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आले आणि मरेपर्यंत सभासद राहिले. त्या वेळी बर्लिनची स्थिती फार वाईट होती. घराघरातले घाण पाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारांतून वाहत असे. सगळीकडे दुर्गंधी, माश्या आणि रोगराई. फिरखो यांनी शहरातील मृत्यूंचे आकडे गोळा केले. कोणत्या महिन्यात, कोणत्या वयाची किती माणसे मरतात, हे त्यांनी दाखवले. जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याने शहराचे बारा भाग करून जमिनीखालून गटारे नेण्याची योजना आखली होती. प्रत्येक भागातले सांडपाणी पंपाने शहराबाहेर न्यायचे आणि तेथील शेतात सोडायचे, अशी ती योजना. खर्च फार होईल म्हणून अनेकांनी विरोध केला. फिरखो योजनेच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले. 1873 मध्ये काम सुरू झाले आणि काही वर्षांत बर्लिन हे युरोपातील स्वच्छ शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. गरिबांसाठी नगरपालिकेची रुग्णालये निघावीत, मांसाची तपासणी व्हावी, शाळेतील मुलांच्या आरोग्याकडे लक्ष द्यावे, यासाठीही ते झटले.

फिरखो प्रशियाच्या विधानसभेतही निवडून गेले. तेथे त्यांची गाठ बिस्मार्क या बलाढ्य पंतप्रधानाशी पडली. सैन्यावर होणाऱ्या प्रचंड खर्चाला फिरखो विरोध करीत. 1865 मध्ये त्यांच्या बोलण्याचा बिस्मार्कला इतका राग आला, की त्याने फिरखो यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. त्या काळी असे आव्हान नाकारणे भित्रेपणाचे समजत. फिरखो यांनी ते शांतपणे नाकारले. वादाचा निकाल शस्त्राने लावायचा नसतो, हे त्यांनी आपल्या वागण्याने दाखवले. मात्र 1870 मध्ये फ्रान्सशी युद्ध झाले, तेव्हा जखमी सैनिकांसाठी रुग्णालयाची रेल्वेगाडी तयार करून ते स्वतः तिच्याबरोबर रणभूमीकडे गेले.

आता त्यांच्या एका वेगळ्या कामाविषयी ऐका. खरे जर्मन लोक सोनेरी केसांचे आणि निळ्या डोळ्यांचे असतात, बाकीचे परके, असे काही लोक तेव्हा बोलू लागले होते. ज्यू लोकांविषयी द्वेष पसरवला जात होता. फिरखो म्हणजे मोजून पाहिल्याशिवाय न बोलणारा माणूस! त्यांनी शिक्षकांच्या मदतीने साऱ्या जर्मनीतील 67 लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग नोंदवून घेतला. 1886 मध्ये निकाल छापला. सोनेरी केस, निळे डोळे आणि गोरा रंग असलेली मुले एक तृतीयांशाहूनही कमी निघाली. ज्यू मुलांमध्येही अशी मुले होती, दहांत सुमारे एक. म्हणजे शुद्ध वंश ही केवळ कल्पनाच ठरली. सगळे लोक एकमेकांत मिसळलेले आहेत, हेच या मोजणीतून दिसले. दुर्दैवाने लोकांनी हे सत्य मनावर घेतले नाही. फिरखो यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, 1933 मध्ये, जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि वंशाच्या त्याच खोट्या कल्पनेपायी लाखो निरपराध माणसांचे जीव गेले.

फिरखो यांना इतिहासाचीही आवड होती. 1879 मध्ये हाइनरिख श्लीमान हे तुर्कांच्या राज्यात ट्रॉय या प्राचीन नगरीचे अवशेष खणून काढत होते. फिरखो त्यांच्या मदतीला गेले. एक डॉक्टर आला आहे, ही बातमी आसपासच्या खेड्यांत पसरली आणि आजारी लोक येऊ लागले. फिरखो यांनी उत्खननाचे काम सांभाळून त्यांच्यावर उपचार केले. त्यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण डॉक्टराला रोगी तो रोगी!

मुलांनो, थोर माणसे चुकतच नाहीत, असे समजू नका. फिरखो यांच्याही चुका झाल्या. व्हिएन्नामध्ये इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी 1847 मध्ये दाखवून दिले होते, की डॉक्टरांनी हात औषधी पाण्याने धुतले तर बाळंतिणींचे प्राण वाचतात. फिरखो यांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. त्यांच्यासारख्या मोठ्या माणसाने पाठिंबा दिला असता, तर किती माता वाचल्या असत्या! रोगजंतूंमुळे आजार होतात, हे मान्य करायलाही त्यांनी फार वेळ घेतला. आजाराचे मूळ पेशीत आणि समाजाच्या स्थितीत आहे, या आपल्या मताला ते इतके चिकटले, की नवा पुरावा त्यांना चटकन दिसला नाही. निअँडरथल नावाच्या प्राचीन मानवाची हाडे सापडली, तेव्हा ती एका आजारी माणसाची आहेत, असे त्यांनी सांगितले. तेही चूक ठरले.

1887 मध्ये राजपुत्र फ्रिडरिख याच्या घशात गाठ झाली. तिचे लहान तुकडे फिरखो यांच्याकडे तपासणीसाठी आले. त्या तुकड्यांत त्यांना कर्करोग दिसला नाही, आणि तसे त्यांनी कळवले. शस्त्रक्रिया झाली नाही. पुढच्या वर्षी राजपुत्र सम्राट झाला आणि अवघ्या 99 दिवसांत कर्करोगाने मरण पावला. फिरखो यांनी आपले मत त्या तुकड्यांपुरतेच दिले होते. पण या घटनेतून सर्व डॉक्टरांनी एक धडा घेतला. तुकडा गाठीच्या नेमक्या जागेवरून घेतला नसेल, तर उत्तम सूक्ष्मदर्शकही फसवू शकतो.

फिरखो यांनी आयुष्यभर आजारी अवयवांचे नमुने जमवले होते. 1899 मध्ये त्यांचे मोठे संग्रहालय उघडले. त्यात 20,000 हून अधिक नमुने होते. आजही बर्लिनमध्ये त्यातील काही पाहायला मिळतात. 1901 मध्ये त्यांचा 80 वा वाढदिवस साजरा झाला, तेव्हा अनेक देशांचे शास्त्रज्ञ बर्लिनला आले. त्या वयातही ते रोज काम करीत.

4 जानेवारी 1902 रोजी ते चालत्या ट्रॅममधून उतरताना पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पुरते सावरले नाहीत. 5 सप्टेंबर 1902 रोजी त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी बर्लिनमध्ये एक मोठे रुग्णालय उघडले. त्याला फिरखो यांचे नाव देण्यात आले. आज ते शारिटे रुग्णालयाचाच एक भाग आहे. ज्या शारिटेमधून त्यांना एकदा जावे लागले होते, तेथे त्यांचे नाव असे कायमचे कोरले गेले.

विद्यार्थी मित्रांनो, फिरखो यांनी आजाराकडे दोन प्रकारे पाहायला शिकवले. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर आजारी पेशी दिसते. रोग्याच्या घरात जाऊन पाहिले तर उपाशी मूल, ओली भिंत आणि तुंबलेले गटार दिसते. खऱ्या डॉक्टराला दोन्ही दिसावे लागते. तुमच्यापैकी कोणी पुढे डॉक्टर होईल, कोणी शिक्षक, कोणी अधिकारी, कोणी कारागीर. कोणतेही काम करा; पण नीट पाहा, मोजून बोला, आणि जे खरे आहे ते सांगताना घाबरू नका. आपली चूक दिसली तर ती मान्य करा. आपल्याहून वेगळी भाषा बोलणाऱ्याचे दुःखही आपलेच समजा. फिरखो यांच्या चरित्रातून एवढे घेतले, तरी पुष्कळ झाले.

स्वाध्याय

प्रश्न 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फिरखो यांचा जन्म कोठे झाला?
(आ) ल्युकेमिया या शब्दाचा अर्थ काय?
(इ) बर्लिनच्या गटारांची योजना कोणी आखली?

प्रश्न 2. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सायलेशियातील लोकांची स्थिती कशी होती?
(आ) फिरखो यांनी सरकारला कोणते उपाय सुचवले?
(इ) रेमाक यांच्यावर कोणता अन्याय झाला?

प्रश्न 3. वाक्यात उपयोग करा.
बळी पडणे, ध्यानात येणे, मनावर घेणे, थैमान घालणे.

प्रश्न 4. तुमच्या वस्तीत आजार पसरू नयेत म्हणून काय काय करता येईल? दहा ओळी लिहा.